मागच्या दाराचं रिकामं मोजणं

...आणि वर मलाच विचारतात, बाबा, तुम्ही सांगितलं का नाही? आता काय सांगायचं? साधं मागच्या अंगणात जायचं दार आपल्याला उघडत नाही, हे माणूस कुठल्या तोंडानं सांगेल? आणि माणूस तरी कोण, तर ज्यानं जन्मभर रेल्वेचं फाटक उघडलं आणि लावलं, दुसरं काही केलंच नाही. शिक्षणाच्या नावानं शून्य, पण उघडझाप या विषयात घरातला ज्येष्ठ मीच की नाही? तर त्या ज्येष्ठासमोर दार खट्‌कन उघडतं आणि खट्‌कन लागतं, आणि ज्येष्ठ आपला मधेच उभा. मी म्हटलं, गुडघे.

नीट सांगतो, थांबा. आमची सूनबाई ज्या कंपनीत आहे तिथे कुलपं करतात, पण किल्लीची नाहीत. बाहेरून आकडे दाबायचे, आतून भिंतीवरचं बटण दाबायचं, की बोल्ट आत जातो, जरा वेळ आत थांबतो, तेवढ्यात आपण दार ओढायचं. कुलपाच्या पोटात नखाएवढा कॉम्प्युटर असतो, त्याला काय करायचं ते सूनबाई लिहून देते. पण तिची भाषा त्याला कळत नाही. मधे एकजण लागतो, तिचं लिहिणं त्याच्या बोलीत करून देणारा. त्याला म्हणतात कंपायलर. मी म्हटलं, म्हणजे दुभाष्या. ती म्हणाली, हो बाबा, दुभाष्याच समजा. सोन्यासारखी मुलगी, माझं चुकलं तरी आधी हो म्हणते.

तर हा दुभाष्या झाला होता जुना. त्याचं काय व्हायचं, की आकडे दाबायला कुलपात जेवढी जागा ठेवलीय त्याच्यापेक्षा कोणी मुद्दाम जास्त ओतले, तर ते सांडायचे, आणि सांडलेले आकडे भलत्याच ठिकाणी जाऊन हुकूम सोडायचे, उघड रे दार! म्हणजे चोराला किल्लीचीही गरज नाही, नुसतं सांडायला यायला हवं. नवा दुभाष्या त्या जागेच्या काठावर पहारेकरी बसवतो, सांडलं की काम बंद. पहारेकरी म्हटल्यावर मला तो लगेच आवडला. पण तुम्हाला सांगतो, दुभाष्या एकटा बदलता येत नाही. त्याच्यामागे गोतावळा असतो, कोणी तुकडे जोडणारा, कोणी चुका शोधणारा, कोणी ठेवणीतलं सामान पुरवणारा, त्या सगळ्यांना मिळून टूलचेन म्हणतात, आणि सगळे एकदम बदलायचे. सूनबाई कितीतरी दिवस त्याच्याशी झुंजत होती. मी चहा घेऊन जायचो, विचारायचो, काय म्हणतोय नवा? ती म्हणायची, बाबा, ओळीओळीला टोकतोय. मी म्हणायचो, नवा आहे, रुळेल. मला काय कळतंय, पण चहा घेऊन गेलेल्या माणसानं काहीतरी बोलावं लागतं.

तिचे साहेब फोनवर. आवाज असा, की जणू विहिरीतून बोलतायत, "अहो, आपण आपली एक ओळ तरी बदललीय का? नाही ना? फक्त कंपायलर बदललाय. मग बिघडेल काय?" मला पटलं ते. सूनबाईला पटलं नाही. ती म्हणाली, खऱ्या दारावर, खऱ्या माणसाकडून वापरून बघितल्याशिवाय मी पाठवणार नाही. कारण एकदा तिनं पाठवलं की ज्याच्या ज्याच्या घरी ते कुलूप आहे त्या प्रत्येक दारात ते आपोआप जाऊन बसणार. माणसं झोपलेली असतील, आजारी असतील, आणि उद्या आग लागली आणि दार अडलं तर?

खरं दार म्हणजे आमचं मागचं. आणि खरा माणूस म्हणजे मी. मागच्या दारानं दुसरं जातं कोण? एरवी आमची ही जाते, कपडे वाळत घालायला, पण ही गेली होती बहिणीकडे. त्यामुळे मैदान मोकळं. सूनबाई म्हणाली, बाबा, रोज जा-ये करा आणि संध्याकाळी मला सांगा. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी कामावर घेतलं. मी दाढीबिढी केली.

पहिल्याच दिवशी बटण दाबलं. खट. म्हटलं, उघडलं. बटण भिंतीवर, दार पाऊलभर पुढे. मी पाऊल उचलतोय तोवर, खट. लागलं. पुन्हा दाबलं. खट, खट. पुन्हा. खट, खट. पूर्वी कसं होतं, बटण दाबावं, चष्मा सावरावा, धोतर आवरावं, कडी ओढावी, आणि मग मागून सावकाश खट. आता मधलं सगळं गायब. मी म्हटलं, गुडघे. किती हळू झालो मी! मधल्या मधे कधी झालो, कळलंच नाही.

आणि सांगायची सोय नाही. कारण आमचा मुलगा टपलेलाच. मी खुर्चीतून उठताना जरा हुंकार दिला तरी म्हणतो, बाबा, आता काठी घ्या, अंगणात एकटे जाऊ नका. अंगणात माझ्या भेंड्या आहेत हो. भेंडी दोन दिवस बघितली नाही तर तिची लाकडं होतात. म्हणून संध्याकाळी सूनबाईनं विचारलं, बाबा, दार कसं आहे? मी म्हटलं, छान.

मग मी सराव सुरू केला. ही माझी अक्कल बघा. सगळे कामावर गेले की बटणापासून दारापर्यंत. दाब, उडी. दाब, उडी. या वयात. शेजारचा इस्त्रीवाला कुंपणावरून बघायचा. शेवटी मला युक्ती सुचली. एका हातात दाराची कडी, ताणून धरलेली, आणि दुसऱ्या हातात छत्री. छत्रीच्या टोकानं भिंतीवरचं बटण टोचायचं. खट, आणि बोल्ट परत यायच्या आत दार उघडं! पहिल्यांदा जमलं तेव्हा मी अंगणात जाऊन भेंड्यांना सांगितलं. सूनबाईनं एकदा विचारलं, बाबा, घरात छत्री कशाला? मी म्हटलं, बाहेर ऊन आहे. ती स्वतः दार तपासायची ते फोनवरून. फोनवरून उघडलं की कोणी ओढेपर्यंत ते उघडंच राहतं, त्याचा हिशेब वेगळा. बटणाची जबाबदारी माझी. आणि मी रोज म्हणतोय, छान. तिनं लिहून टाकलं, पास.

पाठवायच्या दिवशी सकाळी ही परत आली. आल्या आल्या बादलीभर कपडे धुतले, बादली कडेवर घेतली, कोपरानं बटण दाबलं. खट, खट. पुन्हा दाबलं. खट, खट. आता हिचे गुडघे ठणठणीत, ही चालते ती वाऱ्यासारखी. मी छत्री पुढे केली, म्हटलं, हे घे, असं टोचायचं. हिनं छत्रीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"अहो, दार बिघडलंय."

काय सांगू, इतक्या दिवसांत ही शक्यता माझ्या डोक्यातच आली नव्हती.

सूनबाई धावत आली. त्या दिवशी ती घरूनच पाठवायला बसली होती. तिनं बटण दाबलं. खट, खट. परत दाबलं.

"बाबा, हे कधीपासून?"

"तू नवं घातलंस तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं, गुडघे."

तिनं तिथेच पायरीवर बसकण मारली. मला वाटलं रडतेय, तर हसत होती. मग साहेबांना फोन केला, पाठवणं थांबवलं, आणि दुपारपर्यंत चोर सापडला. झालं होतं काय, फार पूर्वी कोणीतरी कुलपात लिहून ठेवलेलं, की बोल्ट आत गेला की तू आपला मोजत बस, एक, दोन, तीन, पुष्कळ, बाकी काही करू नकोस, मोजून झालं की लाव. जुना दुभाष्या भोळा, सांगितलं तेवढं करायचा. नवा हुशार. त्यानं बघितलं, हा गडी मोजतोय, पण मोजून आलेलं कोणी वापरत नाही, कोणाला देत नाही, नुसता बसलाय. फुकटचा! दिला काढून.

हे ऐकून मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. म्हणजे नुसतं बसून राहिलेल्याला काढायचं म्हटलं, तर या घरात आधी नंबर कोणाचा?

सूनबाई म्हणाली, घाबरू नका बाबा, त्या मोजण्याच्या आधी एक शब्द लिहिला की झालं, मग तो समजतो की हे रिकामं दिसलं तरी याला हात लावायचा नाही. तिनं तो शब्द लिहिला. खट... मी चष्मा सावरला, धोतर आवरलं, कडी ओढली... खट. मी विचारलं, तो शब्द माझ्या खुर्चीवर लिहिता येईल का? ती म्हणाली, तुम्हाला गरज नाही. अंगणातून हिचा आवाज आला, बसू नका नुसते, कपड्यांचे चिमटे आणून द्या.

आता साहेबांनी नियम केलाय. इथून पुढे मी एकट्यानं छान म्हणून भागणार नाही, माझ्यामागून हिनं दार वापरायचं, हिनं हो म्हटलं तरच पास. साहेब फार खूश आहेत, मोठी सुधारणा केली म्हणतात. आमच्या घरात ही सुधारणा लग्नापासून चालू आहे.