जोडचाकांची स्कूटर

— पुरे, पुन्हा किक मारू नकोस. आवाज ऐकला मी आतून, तीनदा मारलीस, तिन्ही वेळा पाय दगडावर आपटल्यासारखा झाला. बस त्या स्टुलावर. हात नंतर पूस. आणि हळू बोल — म्हणजे तू बोलूच नकोस, मी बोलते, मागच्या खोलीची खिडकी उघडी आहे आणि माझा भाऊ जागा आहे. दुपारी झोपत नाही तो. बाहेरच आला असता, सकाळपासून तुझी वाट बघतोय, दाढीसुद्धा केलीय, पण मीच म्हटलं, व्हरांडा आत्ताच धुतलाय, फरशी ओली आहे, कुबड्या घसरतील. ओली आहेच, बघ ना. धुतली मीच.

तू फाटकातून आलास तेव्हाच ओळखलं तुला. तिसरा बाक, खिडकीशी. आता मिस्त्री झालास, केस पिकायला लागले, पण उभा राहतोस तसाच, एका पायावर भार देऊन. माझ्याकडून छडी खाल्ली होतीस, आठवतं? वही घरी राहिली म्हणालास आणि वही दप्तरात निघाली. अभ्यास केला नाही याबद्दल मारलं नव्हतं मी तुला. खोटं बोललास म्हणून मारलं. छत्तीस वर्षं शिकवलं, खोटं बोलणाऱ्याची गय केली नाही, आणि स्वतःचीही केली नाही. माझ्या तोंडून आजवर एक असत्य शब्द गेलेला नाही. पहाटे देवापुढे बसते तेव्हा ही एकच गोष्ट मान वर करून सांगते मी. बाकीची त्याची त्याला ठाऊक.

तर गाडी. मागे डाव्या-उजव्या बाजूंना ही जोडचाकं का, हे तुला सांगायला नको. दोन वर्षांचा असताना त्याला ताप आला आणि उजवा पाय गेला. पाय आहे, त्यात जीव नाही. आई गेली तेव्हा तो दहा वर्षांचा, मी एकवीस. आईने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, याला सांभाळ. मी हो म्हटलं. हो म्हणजे हो. माझ्यासाठी कुणी विचारायला आलं नव्हतं असं नाही — दोघे आले होते, एक तर फार भला माणूस होता — पण भावासकट नेणारा त्यांत कुणी नव्हता. असो. त्याला न्हाऊ घातलं, लिहायला शिकवलं, घड्याळं दुरुस्त करायला शिकायचं होतं तर घरी शिकवणारा माणूस आणला. तिसाव्या वर्षी त्याने स्वतःच्या कमाईतून ही गाडी घेतली. मला न सांगता. कारखान्यातून जोडचाकं बसवून घेतली, पायाचा ब्रेक हातात घेतला, पासिंग करून आणलं, आणि फाटकाशी येऊन हॉर्न वाजवला. मी बाहेर आले तर हा गाडीवर बसलेला. म्हणाला, ताई, आता तुला कुणाची मदत मागायला नको. तुला, म्हणाला. मला नको, असं नाही म्हणाला. इतका चांगला आहे तो.

मग रोज पाच वाजता निघायचा आणि आठला परत. कुठे जातोस, मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. गाडीच्या मागे पायी जाता येतं का? येतं. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यावर थांबले आणि तो कुठे वळला ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या वळणावर थांबले. तिसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या. आठ दिवस लागले मला. नवव्या दिवशी मी समोरच्या औषधाच्या दुकानात उभी होते आणि हा गाडी लावत होता. बटणं, दोरे, लेस — असलं दुकान. मालकीण एकटी बाई. वाईट म्हणत नाही मी तिला. तिच्यात दोष सापडला नाही मला, आणि मी शोधला होता. तो गल्ल्याशेजारी बसून बटणं रंगांप्रमाणे डब्यांत लावत होता, तिने काहीतरी म्हटलं आणि हा हसला. मोठ्याने. रस्ता ओलांडून मला ऐकू आलं. दहा वर्षांचा होता तेव्हापासून माझ्या हातात वाढला तो, पण हे हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

काय बघतोस? तो प्लग ना? सैल आहे, हो. आणि आत गंज आहे, तोही बाहेरून चढलेला नाही, हे तुला कळलंय, मघाशी बॅटरीचा झोत आत टाकून बघितलंस आणि बघत राहिलास तेव्हाच मला कळलं की तुला कळलं. हुशार झालास. बरोबर आहे, बावीस वर्षं ताडपत्रीखाली उभी राहिलेली गाडी बाहेरून सडते, सिलिंडरच्या आत पाण्याची रेघ उमटत नाही. तूच तर होतास त्या तासाला. तीन नळ्या, तीन खिळे. एकीत नुसती हवा, एकीत उकळलेलं पाणी आणि वर तेल, एकीत हवा आणि पाणी दोन्ही. कुठला खिळा गंजला? तू उत्तर दिलं होतंस, बरोबर दिलं होतंस, मी फळ्यावर तुझं नाव लिहिलं होतं. मग आता असं तोंड का करतोस? सातवीच्या पुस्तकातलं आहे.

पाना त्याच्याच पेटीतला. प्लग काढायचा, वाटीभर पाणी, पुन्हा प्लग हाताने बसवायचा — आवळायला माझा जोर पुरत नसे. पहाटे, प्रार्थनेआधी. प्रार्थनेनंतर कधीही केलं नाही. हात धुवायचे, मग देवापुढे बसायचं. दोन महिने लागले. सुरुवातीला गाडी खोकायची, तो बोटाने काहीतरी चाचपायचा, वाकून बघणं त्याला जमत नाही. मग एके दिवशी बंदच पडली. त्याने मला विचारलं, ताई, काय झालं असेल गं? मी म्हटलं, यंत्र आहे, बिघडतं. यात खोटं काय आहे? यंत्र बिघडतं. तू बिघडवलंस का, असं त्याने विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. देवाशपथ म्हटलं असतं. त्याने विचारलं नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही.

हे सगळं तुला सांगायचं नव्हतं मला. प्लगबद्दल सांगायचं नव्हतं.

ती दुकानवाली आली होती इथे. गाडी बंद पडली त्याच आठवड्यात, याच फाटकाशी, मागे-पुढे बघत. तो आजारी आहे का, म्हणाली. मी म्हटलं, तो आता बाहेर पडत नाही. खरं होतं. ती म्हणाली, माझ्याबद्दल काही म्हणाला का? मी म्हटलं, तुमचं नाव त्याने माझ्यापाशी कधी काढलेलं नाही. हेही खरंच होतं, कधीच काढलं नव्हतं. तिचा चेहरा असा उतरला की — नाही, मला आनंद झाला नाही. तू तसं समजू नकोस. मी तिला पाणी विचारलं. ती गेली, आणि मग त्याला भाड्याच्या गाडीने जायचं होतं, एकदाच. दोन माणसांनी उचलून बसवावं लागतं त्याला दुसऱ्याच्या गाडीत, आणि उचलून घेणं त्याला लहानपणापासून मरणप्राय वाटतं. तरी तयार झाला. म्हणाला, ताई, त्या बाजारातली दुकानं आज उघडी असतील ना? मी म्हटलं, आज बुधवार, बाजार बंद. बुधवारच होता. गुरुवारी त्याने पुन्हा विचारलं नाही. इतका धीर एकदाच गोळा होतो माणसाचा.

आणि पुस्तक. तू मघाशी त्याला खिडकीतून विचारलंस ना, गाडीचं नोंदणीचं पुस्तक आहे का, आणि तो म्हणाला हरवलं. हरवलेलं नाही. माझ्या पोथ्यांच्या फळीवर आहे, सगळ्यात वर, उघड्यावर, मी रोज त्यावरची धूळ पुसते. तेव्हा एक मिस्त्री आला होता, म्हणाला पुस्तकाशिवाय हात लावणार नाही. याने मला विचारलं, मी म्हटलं, घरातच असेल, शोध. त्याने शोधलं. खालचे खण, पलंगाखालची पेटी, वर्तमानपत्रांचे गठ्ठे. चार महिने शोधत होता, कुबड्या भिंतीला टेकवून, जमिनीवर बसून. वरच्या फळीला त्याचा हात पोचत नाही, तो माझा दोष आहे का? मी लपवलं असतं तर तो माझा दोष.

आता तुला कळलं की आज तू इथे का बसला आहेस. त्या बाईची नजर अधू होत चाललीय. बटणांचे रंग कळत नाहीत म्हणे तिला. टपालवाल्याने याच्या कानावर घातलं — त्याने नाक खुपसायचं काही कारण होतं का? — आणि आठ दिवस झाले, हा नीट जेवत नाही. चोपन्न वर्षांचा माणूस. म्हणतो, ताई, रंग सांगायला कुणीतरी लागेल ना तिला. ही गाडी पुन्हा नोंदली तर मी आपला आपण जाईन. तुला कुणाला विचारायला नको, हेही म्हणाला पुन्हा. मग काल रात्री जेवताना स्वतःच म्हणाला, उद्या मिस्त्री येतील, ते नाही म्हणाले तर मी हा विषय जन्मात काढणार नाही. मी हो म्हटलं. तो शब्दाचा पक्का आहे. माझ्याच हातचा आहे.

होईल, हे मला ठाऊक आहे. तू सांगायला नको. नवा सिलिंडर, नवा पिस्टन, टाकी धुवायची, तारा बदलायच्या, महिन्याभरात होईल. चासीचा नंबर शाबूत आहे, तो कागद दिसतोय तुझ्या खिशात, पेन्सिलीने घासून उतरवलास. पुस्तक नसेल तर प्रतिज्ञापत्रावर दुसरं मिळतं, तेही ठाऊक आहे मला, मी चौकशी केलेली आहे. गाडी होईल, पासिंग होईल, आणि तो पाच वाजता जाईल. आणि आठला येईल का? मी पासष्ट वर्षांची आहे. आठला येईल का? नाही येणार. एकदा तिथे बसला की कशाला उठेल? मग या घरात मी सकाळी कुणाला उठवू, चहाचा दुसरा कप कुणाच्या हातात देऊ — सांभाळ म्हणून सांगितलंय मला. सोडून दे म्हणून सांगितलेलं नाही. देवाने माझ्याकडून एवढंच मागितलं आणि मी एवढंच केलं, माझ्या हातून दुसरं काही झालंच नाही आयुष्यात.

म्हणून तू आत जा आणि त्याला सांग, होणार नाही. दोन शब्द. मी सांगू शकत नाही, माझ्या जिभेला ते जमायचं नाही, ते असत्य होईल. तू मिस्त्री आहेस, तुमच्या धंद्यात उद्या देतो म्हणून महिना लावतात, तुला त्यात जड काय?

मान हलवतोस? नाही म्हणतोस मला?

बरं. शिकवलेलं लक्षात आहे म्हणायचं.

तुझी मुलगी आमच्याच शाळेत आहे, सातवीत. मी अजून जाते दर शनिवारी, संस्थेवर आहे ना, वह्या बघते. अक्षर सुरेख आहे तिचं. गणितात थोडी मागे आहे, यंदा पुढे ढकलायची की नाही असा प्रश्न तिच्या वर्गाच्या बाईंना पडलाय, माझं मत विचारणार आहेत. नाही, धमकी कसली? अक्षर सुरेख आहे, हे खरं आहे. माझं मत विचारणार आहेत, हेही खरं आहे. मी अजून मत बनवलेलं नाही, हे तर अगदीच खरं. तू उगाच खाली बघू नकोस. तो पाना ठेव पेटीत, हळू, आवाज होईल.

शू. उठला तो. कुबडी वाजली.

— काय रे? हो, आहेत अजून मिस्त्री. — नको, तू येऊ नकोस, ओलं आहे अजून. — बघून झाली, हो. सगळी बघितली, आतूनसुद्धा. — काय म्हणाले, विचारतोस?

काही म्हणाले नाहीत रे. किती वेळ झाला, मान खाली घालून उभे आहेत नुसते. हत्यारं भरलीयत त्यांनी.

…

ऐकलंस? बरं म्हणाला. एवढंच म्हणाला. आता खाट वाजली ती, आडवा झाला.

तू अजूनही बोलू शकतोस. खिडकी उघडी आहे, तो जागा आहे, मी तुझं तोंड धरलेलं नाही. एक हाक मार, होईल म्हण. मी अडवणार नाही, तुझ्यासमोर शपथ घेते. बोल.

बोलत नाहीस ना? मग मी त्याला खोटं काय सांगितलं?

नीघ आता. आणि जाताना वाकून जा, खिडकीवरून सावली जाता कामा नये.