वसई कोर्ट, नाव आणि साल

आगाशीच्या बसची रांग हलत नव्हती आणि क्लासहून निघालेल्या रिद्धीचे कान पुढच्या मायलेकींना चिकटले होते.

"पोलीस काय बोलले गो रीमा?"

"चारित्र्याचा दाखला ज्याचा त्यालाच मिळतो, आई. चिरागचा हवा तर अर्ज चिरागनेच करायचा."

"होनाऱ्या जावयाला कसं सांगायचं, दाखला आन म्हणून?"

"नकोच सांगायला. कोर्टाच्या साइटवर वसई कोर्ट, नाव आणि साल टाकलं की केस असेल तर दिसते. त्याची एकही नाही."

"सुटले बाय. मामाला फोन लाव, साखरपुड्याचं ठरवू."

"लावते."

"थांब. असं कोनाचंपन बघता येतं?"

"कोणाचंही."

"आपल्या अल्पेशचं?"

"तो मिटली बोलतो, पण हळदीतल्या मारामारीची केस अजून चालूच दिसते."

"मग या रविवारीच उरकू. चिरागकडच्यांनी बघायच्या आत."

"त्यांनी बघितलं, आई."

"कोनी दाखवलं त्यांना?"

"मी."

बस आली. मायलेकी हलेनात, म्हणून रिद्धीही हलली नाही.

"मग? काय बोलला चिराग?"

"बोलला, भावाचं आईपासून लपवून ठेवू नकोस. आधी तिला सांग, मग तारीख ठरवू."

"मामाचं राहू दे. फोन चिरागलाच लाव. मी बोलते."