मोडक्या टोकाची लढाई

ओरिएचं आयुष्य जुन्या तलवारींना पॉलिश करण्यात गेलं होतं. जपानमधल्या ओसाफुने गावच्या तलवार-तपासणीत नंबराची वाट पाहताना शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं तिच्या कानांवर पडलं. म्हाताऱ्याच्या मांडीवर कापडात गुंडाळलेली तलवार होती.

“टोकाचं विचारलं तर काय सांगणार?”

“खरं तेच. पणजोबांनी शत्रूच्या चिलखतावर वार केला, तेव्हा मोडलं.”

“अहो, ते मी मोडलं.”

“काहीतरीच. मी तलवारीची पेटी पहिल्यांदा उघडली तेव्हाच मोडलेलं होतं.”

“त्याच्या आदल्या आठवड्यात मी उघडली होती. मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपाचं झाकण निघेना.”

“मिने, चाळीस वर्षं मी आल्यागेल्याला लढाई सांगतोय.”

“तुम्ही इतकं रंगवून सांगता, मध्ये कशी बोलू?”

“पॉलिश तरी पणजोबांच्या वेळचं आहे ना?”

“भांड्यांची पावडर. दर नववर्षाला घासते.”

ओरिएने डोळे मिटून घेतले.

आतून त्यांचा नंबर पुकारला. म्हाताऱ्याने तलवार बायकोच्या हातात दिली, पण तो उठला नाही.

“झाकण निघालं का शेवटी?”

“निघालं की.”

“आणि लोणचं?”

“तुम्ही तीनदा मागून घेतलंत.”