खोलीच्या दारापुढची ओली रेषा

नाव : पोलीस ठाण्याच्या नोंदीत आहे; गावात सगळे टीचर म्हणतात. वय : ६८ वर्षे. धंदा : निवृत्त शिक्षिका (आधी ‘घरकाम’ लिहिले होते, ते मी खोडायला लावले). राहणार : स्टेडियमच्या मागची गल्ली, शेवटचे घर, वरचा मजला.

मी स्वतः ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा असे दोघे राहतो. बहीण हयात नाही. भाचा चष्म्याच्या दुकानात नोकरीस असून व्यावसायिक लीगमध्ये फुटबॉलचा पंच आहे. यावर करायचे ते सर्व विनोद गल्लीत करून झाले आहेत. हवालदारांनी आणखी एक केला, तो लिहून घेतलेला नाही.

गेल्या रविवारी आपल्या गावच्या क्लबचा हंगामातला शेवटचा सामना होता. जिंकले तर वरच्या लीगमध्ये राहणार, नाहीतर खाली जाणार. नेमलेला पंच बाहेरगावचा होता. तो ऐनवेळी आजारी पडल्याने दोन्ही क्लबांच्या संमतीने भाच्याला उभे केले. आपल्या क्लबतर्फे सेक्रेटरींनी संमती दिली. त्या दिवशी भाचा त्यांना देवमाणूस वाटत होता.

बरोबरी असताना शेवटच्या मिनिटाला आपल्या खेळाडूचा चेंडू वरच्या दांडीला लागून गोलरेषेपाशी खाली आपटला व बाहेर आला. अख्खा चेंडू रेषेपार गेला तरच गोल, असा नियम आहे. या लीगमध्ये रेषेवर कॅमेरे नसतात. भाच्याने गोल दिला नाही. क्लब खाली गेला. मी गोलच्या मागेच बसले होते. चेंडू आत होता की बाहेर, हे मला दिसले नाही. माझ्या आजूबाजूच्या सर्वांना दिसले, तोंड झाकून रडणाऱ्यांनासुद्धा.

सोमवारी सेक्रेटरी घरी आले. येत्या रविवारी लीगच्या समितीने भाच्याला बोलावले आहे; तेथे पंचाने चूक कबूल केली तर समिती सामना पुन्हा खेळवू शकते, असे त्यांचे म्हणणे. भाचा कामावर होता. “टीचर, तुम्ही सांगितलंत तर ऐकेल तो. गुणी पोरगा आहे,” असे ते म्हणाले. मी म्हटले, “गुणी आहे म्हणूनच ऐकणार नाही. चहा घ्या आणि निघा.” चहा घेऊन ते निघाले. जाताना, घराला दार एकच आहे का, असे त्यांनी विचारले.

मंगळवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी पांढरी रेषा मारलेली दिसली. मैदानावर मारतात तशी, तेवढीच रुंद, सरळसोट. बुधवारी तशीच रेषा आमच्या फाटकात होती. गुरुवारी जिन्याच्या पहिल्या पायरीवर. दूधवाल्याने पिशवी रेषेच्या अलीकडेच ठेवली. “आत आलो तर गोल धरतील, टीचर,” असे तो म्हणाला. तो हसला नाही.

गुरुवारीच मी या ठाण्यात आले. रस्त्यावर रंग सांडणे हा गुन्हा नाही, असे हवालदारांनी सांगितले. मात्र म्हाताऱ्या माणसांनी घराची एक किल्ली ठाण्यात ठेवावी, म्हणजे अडीअडचणीला गस्तीवाल्यांना आत येता येते, अशी येथील पद्धत असल्याचे ते म्हणाले. मी किल्ली दिली. तिला माझ्या नावाची चिठ्ठी मीच दोऱ्याने बांधली. शाळेत सिस्टरांनी आम्हाला शिकवले होते, अडचण आली की पोलिसाकडे जा.

आज शनिवारी पहाटे उठले तेव्हा रेषा घरात होती. भाच्याच्या खोलीच्या बंद दारापुढे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. माझी चप्पल तिला चिकटली. बाहेरच्या दाराचे कुलूप शाबूत होते. कडी फुगलेल्या दारामुळे बसत नाही, हे मी गुरुवारी येथे सांगितले होते. भाच्याला उठवले. तो रेषेशी उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “मावशी, सरळ मारलीये गं.” थोड्या वेळाने म्हणाला, “उद्या समितीपुढे मी तेच सांगणार. आत नव्हता.”

संशय कोणावर, असे विचारल्यावरून सांगते की, मी कोणाचे नाव घेत नाही. किल्ल्या तीन आहेत. माझी माझ्या पर्समध्ये होती, भाच्याची त्याच्या उशाखाली. तिसरी येथे. “बाई, तोंडाला येईल ते लिहिता येत नाही,” असे हवालदार म्हणाले. तोंडाला आलेले मी अजून बोललेच नाही, असे मी सांगितले.

जबाब चालू असताना, चेंडू आत होता की नाही, असे हवालदारांनी मला दोनदा विचारले. भाचा समितीकडे कोणत्या गाडीने जाणार, असेही विचारले. ते मी सांगितलेले नाही. मी किल्ली परत मागितली. ती टेबलाच्या खणातून काढून दिली.

येथवरचा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. पुढचा मजकूर लिहून घेण्यास हवालदारांनी नकार दिल्यामुळे तो मी माझ्या हाताने लिहीत आहे.

किल्लीच्या चिठ्ठीवर पांढरा रंग आहे. तो अजून पुरता वाळलेला नाही. माझ्या बोटाला लागला, म्हणून सहीशेजारी त्याच बोटाचा ठसा उमटवला आहे. हवालदार बाहेर जाऊन फोनवर बोलत आहेत. भाचा घरी एकटा आहे.