दारातल्या हिल्स

आमच्या मंगेशची सोयरीक कशी जमली, तुले माहीत नाई? मंगेश हिल्स घालते, जीन्सवर कुर्ती घालते. बल्लारपुरात कोणाले त्याचं काही वाटत नाई. पण नागभीडले पोरगी पाहाले निघालो तवा मी हात जोडले, "आजच्या दिवस साध्या चपला घाल बे!" ऐकते कुठी तो!

दारात हिल्स काढून तो आत बसला. आम्ही सारे गडीच. पोरीची आई हळदीकुंकू घेऊन आली.

"तुमच्यासंगची बाई कुठी आहे? दारात तिच्या सँडल दिसल्या."

"मावशी, त्या माह्या आहेत," मंगेश म्हणाला.

पोरीच्या बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मी मनातल्या मनात परतीची गाडी पकडली.

तेवढ्यात दारातून टकटक आवाज आला. पोरगी त्याच हिल्स घालून उभी!

"बाबा, मले मापात बसल्या. हो म्हणून टाका."