भागुबाईंचा टाको

स्नेहवर्धिनी मराठी मंडळाच्या अध्यक्षा माननीय विभाताई दामले, आजचे प्रमुख पाहुणे आणि बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले आदरणीय पंडित साहेब, आजचे सत्कारमूर्ती चिरंजीव श्रेयस देवस्थळी, त्याचे वडील आणि माझे जुने स्नेही वसंतराव, मंडळाचे सर्व पदाधिकारी आणि मानसरोवर, प्रताप नगर, कुठकुठून उन्हातान्हात आलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी सुभेदार हिंदुराव घोरपडे. मूळचा खटावचा. सैन्यात सव्वीस वर्षं काढली, शेवटचं पोस्टिंग इथलं, जयपूरचं, आणि मग इथलाच झालो. भाषणाचा मला सराव नाही. विभाताईंचा फोन आला, "श्रेयस पुण्याला चाललाय, तिथं मोठं हॉटेल काढतोय, निरोपाचे दोन शब्द तुम्हीच बोला. तुमच्याइतकं त्याला कोण ओळखतं?" मी म्हटलं, बोलतो. पंडित साहेबांनी आत्ता फार सुंदर सांगितलं की श्रेयसनं जयपूरला टाको खायला शिकवलं. टाळ्याही चांगल्या पडल्या. मी सुद्धा वाजवल्या. पण साहेब, तुम्ही जयपुरात नवीन आहात. काही गोष्टी तुम्हाला कुणी सांगितल्या नसतील. त्या सांगतो.

महामारीत जहाजं बंद पडली तेव्हा श्रेयस घरी परत आला. मोठ्या प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात होता. वर्षभर नोकरी नाही. तो आमच्याकडे यायचा, आमच्या घरच्यांच्या हातची भाकरी खायचा आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. मेक्सिकोच्या एका बंदराला जहाज सहा तास थांबलं होतं. हा खाली उतरला आणि रस्त्यावर उभं राहून त्यानं चार टाको खाल्ले. "काका, मतलब, तळहाताएवढी मऊ भाकरी. एकावर एक दोन. त्यात थोडंसं मटण, कच्चा कांदा, कोथिंबीर, वरून लिंबू. बस्स! चीज नाही, मलई नाही, काही नाही. माणूस समोर करतो आणि तुम्ही समोर खाता." सांगताना त्याचे डोळे भरून यायचे. ते खोटं नव्हतं, हे मी आज या व्यासपीठावरूनही सांगेन.

त्याला राजा पार्कात तशी टाकोची गाडी लावायची होती. वसंतराव, रागावू नका, पण तुम्ही तेव्हा त्याला म्हणालात, "हॉटेल मॅनेजमेंट शिकून गाडीवर उभा राहणार? आम्ही सोसायटीत तोंड कसं दाखवायचं?" म्हणून तो आमच्याकडे आला. गाडीचा परवाना माझ्या नावावर निघाला.

पण भाकरीचं काय? मक्याच्या पिठाची भाकरी दुमडली की मोडते. इथं राहणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत आहे. श्रेयसनं एवढंच पाहिलं होतं की जहाजावरचे मेक्सिकन आचारी मका चुन्याच्या पाण्यात उकळतात. किती चुना, किती वेळ, याचा त्याला पत्ता नव्हता.

ते शोधलं आमच्या घरच्यांनी. आमच्याकडे चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची रीत नाही. आज घेतो. भागुबाई. भागुबाई हिंदुराव घोरपडे. तिसऱ्या रांगेत बसल्यात, हिरव्या लुगड्यात.

पानवाल्याकडून चुना आणून या बाईनं चार महिने मका उकळला. पहिल्या खेपेला चुना इतका झाला की माझी जीभ दोन दिवस सोललेली होती. दुसऱ्या खेपेला सालंच निघेनात. मग मेवाडचा पांढरा मका आणला. तो उकळून झाकून ठेवायचा, सकाळी हातानं चोळून सालं काढायची, पाट्यावर वाटायचा आणि ओल्या पिठाची भाकरी थापायची. एका सकाळी तिनं मला हाक मारली. भाकरी घेतली, दुमडली, उलगडली, पुन्हा दुमडली. मोडली नाही. श्रेयसला बोलावलं. त्यानं एक घास खाल्ला आणि काकूंचे पाय धरले. "काकू, हाच! हाच तो वास!"

मग गाडी लागली. या सभागृहातले निम्मे लोक तिथं उभे राहून खाऊन गेलेत. श्रेयस चिकन परतायचा, शाकाहारी लोकांसाठी मशरूम. मथानियाच्या लाल मिरचीची चटणी मी वाटायचो. आणि भागुबाई तव्याशी. पंडित साहेब, तुमच्या भाषणात एक प्रश्न होता, की रस्त्यावरच्या टाकोत आणि हॉटेलातल्या टाकोत असा काय फरक? हॉटेलातला कुरकुरीत असतो, मोठा असतो, चीजनं आणि पाल्यानं भरलेला असतो. रस्त्यावरचा लहान, मऊ आणि रसाळ. एक कॉलेजची मुलगी भागुबाईला विचारायची, "आंटीजी, दो-दो रोटी क्यों लगाते हो?" आणि ती आपल्या हिंदीत सांगायची, "रस से एक फट्या तो दूसरी है ना!" पण मला विचाराल तर खरा फरक वेगळा आहे. रस्त्यावर तो कोण करतंय ते खाणाऱ्याला दिसतं. हात दिसतो, चेहरा दिसतो. आवडलं तर तोंडावर सांगता येतं, नाही आवडलं तरी.

तीन वर्षं अशी गेली. मग मॉलमधल्या एका हॉटेलवाल्यानं श्रेयसला भागीदार करून घेतलं. आम्हाला आनंदच झाला. पोराचं भलं होतंय, आपण किती दिवस तव्याशी उभं राहणार? गाडी बंद केली. उद्घाटनाचं आमंत्रण घरी आलं. भागुबाईनं पुतणीच्या लग्नातली पैठणी काढली.

मॉलचा दुसरा मजला आणि पाटीवर इंग्रजीत लिहिलेलं, 'स्ट्रीट टाको'. आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर छतापर्यंत एका परदेशी म्हातारीचं चित्र. डोक्याला रुमाल, हातात भाकरी. खाली चार ओळी. भागुबाईला वाचता येत नाही. तिनं श्रेयसला विचारलं, "ही कोण रं?"

तो म्हणाला, "काकू, ही मेक्सिकोची आजी. मतलब, हिच्याकडून मी शिकलो असं लिहिलंय. कस्टमरला स्टोरी लागते ना."

भागुबाई हसली. खरंच हसली. तिला वाटलं, पोरगं चेष्टा करतंय, पुढं आपलं नाव सांगेल. पुढं टीव्हीवाले आले, त्यांनी विचारलं, आणि श्रेयसनं त्या आजीबद्दल दहा मिनिटं सांगितलं. तिचं घर, तिची चूल, तिचा आशीर्वाद. आम्ही त्याच्यापासून चार हातांवर उभे होतो. भागुबाई पदर नीट करून उभी होती, कॅमेरा आपल्याकडे वळेल म्हणून.

मग टाको आला. कडक. डब्यातून आलेला, यंत्रावर घडवलेला. तिनं तोंडाला लावला आणि तो मोडून सगळा पैठणीवर सांडला. तिनं तुकडा हातात धरून पाहिला, वास घेतला. घरी येईपर्यंत ती एकच वाक्य बोलली, "माझं नाव न्हाई घेतलं तर न्हाई, पण ह्याला टाको म्हनतोय त्यो?"

आणि मंडळी, आता थोडं आपल्याबद्दल. गेल्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत आपण लेख छापला, 'मेक्सिकोच्या आजीची चव जयपुरात'. संपादक मंडळात चार जण. चारही जण गाडीवर येऊन बोटं चाटून गेलेले. एकालाही वाटलं नाही, की अरे, ही तर आपल्या भागुबाईची भाकरी? की वाटलं होतं आणि गप्प बसलात? मी दारोदार विचारणार नाही. पण ज्यांना आपली माणसं म्हणत होतो, त्यांच्याकडून हे आलं, ते जास्त लागलं. मॉलवाला परका होता. तुम्ही नव्हता.

मागच्या आठवड्यात श्रेयस घरी आला. हातात मिठाईचा, घेवरचा डबा. भागुबाई मेथी निवडत होती. म्हणाला, "काकू, पुण्याच्या लोकांना सॉफ्टच पाहिजे. चुना किती, टाइम किती, जरा नीट सांगा ना. मी लिहून घेतो."

ती मान वर न करता म्हणाली, "त्या भिंतीवरच्या म्हातारीला इचार की."

"काकू, ती... मतलब ती खरी नाहीये ना."

"मग मी खरी हाय का?"

श्रेयस, तू त्या वेळी डबा ठेवून निघून गेलास. आजही तू खाली पाहतोयस. मी तुझा तिरस्कार करत नाही. तुला गाडीवर पहिल्यांदा तवा धरताना हाताला चटका बसला, तेव्हा त्यावर मध मीच लावला होता. म्हणून तर इतकं दुखतंय. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय की शाल मी घालायची. ती माझ्या हातून होणार नाही. वसंतराव, आपल्या मुलाला शाल तुम्ही घाला, तुमचा तो मान आहे.

एक गोष्ट राहिली. ती सांगितल्याशिवाय खाली बसलो तर मी कुणाला काही म्हणायच्या लायकीचा राहणार नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी श्रेयसनं मला एकट्याला तिथं बोलावलं होतं. चित्र रंगवून झालं होतं. खालच्या ओळी त्यानं मला वाचून दाखवल्या. मग दाराशी नेलं. तिथं पितळेची छोटी पाटी होती. 'मार्गदर्शक : सुभेदार हिंदुराव घोरपडे.' त्यानं विचारलं, "काका, आजीची स्टोरी चालेल ना? काकूंना वाईट नाही ना वाटणार?"

मी माझ्या नावावरून बोट फिरवत होतो. सव्वीस वर्षं नोकरी केली, माझं नाव कुठं पितळेत कोरलेलं पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "चालेल. तिला काय कळतंय त्यातलं."

हेच शब्द होते माझे. दुसऱ्या दिवशी ती पैठणी नेसत होती तेव्हा मला सगळं माहीत होतं. तिनं "ही कोण रं?" विचारलं तेव्हाही माहीत होतं. मोटारीतून परतताना ती खिडकीबाहेर पाहत होती आणि मी श्रेयसला शिव्या घालत होतो, मोठ्यानं, तिला ऐकू जाईल अशा. ही गोष्ट तिला आज, तुमच्याबरोबरच कळते आहे. घरी सांगायचं धाडस झालं नाही. इथं माईक हातात आहे, मधे माणसं आहेत, म्हणून बोललो.

विभाताई, पंडित साहेब, आपण माझं एवढं ऐकून घेतलंत, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. श्रेयस, पुण्यात नीट राहा. सभागृहाला माझ्या बोलण्यात काही अधिकउणं वाटलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घालावं, ही विनंती. भागुबाई, तुमच्याकडं मात्र पोटात घाला म्हणायची माझी छाती नाही. मी आता खाली येतोय, तुमच्या शेजारी बसायला. शेजारच्या खुर्चीवर तुमची पिशवी आहे. ती उचलायची की तिथंच राहू द्यायची, ते तुम्ही ठरवा.

नमस्कार.