केकवरचा क्रूस

"ग्राक्सीआजीकडे डोकावत जा गं, ती हल्ली विसरते," असं आईनं बजावलं, तेव्हा माइदेरनं ते हसण्यावारी नेलं होतं. आज ती बाळाला कडेवर घेऊन गावातल्या बास्क केकच्या, म्हणजे आत चेरी किंवा मलई भरलेल्या तिथल्या केकच्या, संग्रहालयापुढे रांगेत उभी होती. पुढे दोघी म्हाताऱ्या बोलत होत्या.

"ग्राक्सीनं दिलेल्या केकवर क्रूस होता, म्हणजे आत चेरी. कापला, तर मलई!"

"अगं बाई! जिचं लाटणं इथं काचेत मांडलंय, तिची ही तऱ्हा?"

"मी तर अबोलाच धरलाय."

"बरं केलंस. पाववाल्यानं तिच्या दाराच्या कडीला अडकवलेला कालचा पाव अजून तसाच लटकतोय."

"रुसली असेल."

"रुसू दे. सरक पुढे."

माइदेर रांगेतून बाहेर पडली आणि ग्राक्सीआजीच्या घराकडे धावली. तुमच्याही ओळखीत अशी एखादी ग्राक्सी असेल. आजच तिचं दार वाजवून या.